जुनी ड्यून बगी उभी करताना: ओरिजिनल कुठवर, आपली हौस कुठून?

जुनी ड्यून बगी, म्हणजे वाळूत पळवायची हलकी, उघडी गाडी, दारात आली की आठवडाभरात दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, "एक स्क्रूही बदलू नकोस, ओरिजिनलच ठेव." दुसरा म्हणतो, "गाडी तुझी, वाटेल ते कर." दोघंही मनापासून बोलतात. दोघांचंही ऐकण्याच्या नादात माझे चार महिने गेले, शिवाय पुन्हा न मिळणारा एक रंग मी स्वतःच्या हाताने घालवला. तो किस्सा पुढे येतोच आहे.

फायबरची बॉडी आणि फोक्सवॅगन बीटलची चासी (खालचा लोखंडी सांगाडा) अशी बगी पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. नुसत्या पाइपांच्या सांगाड्यावरच्या गाड्यांचं गणित वेगळं, ते इथे नाही.

1. 'ओरिजिनल' म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा

साध्या जुन्या मोटारीला ओरिजिनल म्हणणं सोपं आहे: कारखान्यातून निघाली तशी. बगीचं घोडं इथेच अडतं, कारण बहुतेक बग्या कारखान्यातून निघाल्याच नाहीत. कारखान्यातून निघाली ती फायबरची बॉडी आणि सुट्या भागांची खोकी. गाडी झाली कुणाच्या तरी घरामागे, त्याला परवडतील आणि आवडतील ते दिवे, सीटा आणि चाकं लावून.

कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचला ब्रूस मेयर्स या होड्या बांधणाऱ्या माणसाने 1964 मध्ये पहिली 'मेयर्स मँक्स' तयार केली. सुरुवातीच्या डझनभर गाड्यांत फायबरची बॉडीच सांगाड्याचं काम करायची. ते महागात पडू लागलं, म्हणून पुढची मँक्स बीटलच्या चासीवर आली. चासीचा मधला 14¼ इंचाचा तुकडा कापून काढायचा, दोन्ही टोकं जोडायची आणि वर बॉडी बसवायची. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग सगळं बीटलचंच. गाडी इतकी आखूड झाली की बिनशेपटीच्या मँक्स मांजराचं नाव तिला चपखल बसलं.

मग नकलांचा पूर आला. मेयर्सचं पेटंट न्यायालयात टिकलं नाही, 1971 मध्ये कंपनीचा गाशा गुंडाळला गेला आणि अस्सल मँक्सच्या कित्येक पट नकला रस्त्यावर राहिल्या. तुमच्याकडची बगीही बहुधा नक्कलच असेल. माझीही आहे. त्यात कमीपणा नाही, पण आपल्याकडे काय आहे हे माहीत हवं.

तेव्हा बगीच्या बाबतीत ओरिजिनलचे तीन अर्थ निघतात, आणि वाद घालणारे दोघे बहुतेक वेळा वेगवेगळ्या अर्थाने बोलत असतात.

पहिला, बॉडी बनवणाऱ्याचा: साच्यातून निघालेला आकार, जेलकोटचा (फायबरच्या सर्वात बाहेरच्या रंगीत थराचा) रंग, त्याने दिलेली काच आणि चिन्हं. दुसरा, पहिल्या बांधणाऱ्याचा: त्याने कोणत्या वर्षाची बीटल कापली, मीटर कुठे लावले, सीटा कसल्या घातल्या. तिसरा, काळाचा: तुमच्या गाडीवर ती वस्तू नसेलही, पण त्या वर्षांत अशा गाड्यांवर ती लागायची. 1967 मध्ये तिहुआना ते ला पाझ ही पहिली 'मेक्सिकन 1000' शर्यत मँक्सने 27 तास 38 मिनिटांत जिंकली. त्यानंतर वाळवंटी शर्यतीच्या थाटाचे जादा दिवे आणि जादा पेट्रोलच्या टाक्या लावलेली बगी हेदेखील त्या काळाचंच रूप झालं.

माझं मत विचाराल तर अस्सल मँक्स किंवा तसंच नोंद घेण्याजोगं मॉडेल असेल तर पहिला अर्थ धरा. अनामिक नक्कल असेल तर दुसरा. तिची खरी गोष्ट त्या पहिल्या बांधणाऱ्याच्या हातातच आहे.

2. पान्याला हात लावण्याआधी ओळख पटवा

लागणारी कागदपत्रं आणि पुरावे:

- नोंदणीचा कागद. त्यावरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर अंकाला अंक जुळला पाहिजे.
- आधीच्या मालकांकडचे फोटो. मागे काय उभं आहे ते सोडा, डॅशबोर्ड आणि चाकं बघा.
- किटबरोबर आलेलं जोडणीचं पुस्तक, जुनी बिलं, पावत्या.
- बॉडीवरची ओळखपट्टी असेल तर तिचा फोटो. नसेल तर पट्टीच्या जागी रिव्हेटची भोकं आहेत का ते बघा.

चासीचा नंबर बीटलच्या मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो. 1965 च्या मॉडेलपासून तो वाचायला सोपा आहे: पहिले दोन अंक गाडीचा प्रकार, तिसरा अंक मॉडेलचं वर्ष. म्हणजे 117 ने सुरू होणारा नंबर 1967 च्या मॉडेलचा. त्याआधी नुसता क्रमांक चढत जायचा, तो तक्त्यात बघावा लागतो. मॉडेलचं वर्ष ऑगस्टपासून बदलायचं, त्यामुळे सप्टेंबर 1966 मध्ये बनलेली गाडी '67 ची निघाली तर गोंधळू नका.

इथला सापळा: गंज काढायच्या भरात लोक या नंबरावर ग्राइंडर फिरवतात किंवा त्यावर जाड रंग ओततात. नंबर गेला की ओरिजिनल आणि हौस हा प्रश्नच संपतो, कारण मग गाडी कागदावर कुणाचीच राहत नाही. कामाच्या आधी त्यावर चिकटपट्टी लावा. चासीत कापाकापी झालेल्या गाड्यांना तुमच्याकडच्या नोंदणीच्या नियमांत काय सवलत किंवा अट आहे, तेही आत्ताच विचारून घ्या. सगळं रंगवून झाल्यावर ते कळलं तर फार झोंबतं.

3. आठ दिवस नुसतं बघा

हे सगळ्यात अवघड, कारण हात शिवशिवत असतात. या आठवड्यात लागणारं सामान थोडंच आहे: जोरदार टॉर्च, मोजायची टेप, ओळंबा, एक नाणं, वही आणि कॅमेरा.

पत्र्याच्या गाडीत खड्डे बुजवायला भरलेली लांबी (पुट्टी) चुंबकाने पकडतात. इथे चुंबक बिनकामाचा. त्याऐवजी नाण्याने बॉडीवर टकटक करत जा. चांगलं फायबर टणक, एकसारखा आवाज देतं. थर सुटलेत तिथे आवाज बसका, पोकळ येतो. मग अंधार पडल्यावर मडगार्डच्या खालून टॉर्च लावा. रंग पातळ असेल तर उजेड आरपार झिरपतो आणि जुन्या डागडुजीच्या जागा काळ्या ठिपक्यांसारख्या उमटतात. माझ्या बगीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा काळा डाग दिसला. आधीच्या मालकाने "कधी ठोकलीच नाही" असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

प्रत्येक भोकाचा फोटो घ्या, हो, भोकाचा. पहिल्या बांधणाऱ्याने पाडलेली भोकं हाच त्याचा नकाशा असतो. आरसा कुठे होता, स्विच किती होते, रोलबारचे (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या लोखंडी कमानीचे) पाय कुठे बसत होते, सगळं तिथे लिहिलेलं असतं.

4. प्रत्येक कामाआधी एकच प्रश्न

हे मागे फिरवता येईल का?

दुपारभरात पान्याने काढून पूर्ववत होत असेल तर ती तुमच्या हौसेची जागा. करवत, ग्राइंडर, वेल्डिंग किंवा घासकाम लागणार असेल तर तिथे ओरिजिनलचा मान आधी, आणि निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी. या एका प्रश्नाने माझे निम्मे वाद मिटले. उरलेले फायबरने मिटवले, तेही मला शिक्षा करून.

5. बॉडी आणि रंग: सर्वात जास्त वेळ इथे द्या

फायबरची बॉडी उलट्या क्रमाने बनते. साच्यात आधी जेलकोट, मग मागून मॅट (काचतंतूंची चटई) आणि रेझिनचे थर. म्हणजे बाहेरून दिसणारा रंग हा बॉडीचाच पहिला थर असतो, वरून मारलेला नव्हे. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. साठ-सत्तरच्या दशकात त्यात धातूची चमकी घालायची लाट होती, तिलाच मेटलफ्लेक म्हणतात. अशा बॉडीत साच्याला लागून पारदर्शक थर, त्यामागे चमकी.

माझी बगी आणली तेव्हा लाल होती. लालच्या खाली पांढरा, त्याखाली ब्रशने मारलेला हिरवा. डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला, जिथे कुणाचीच स्प्रे गन पोचली नव्हती, तिथे बोटभर पट्टी दिसली: जळत्या निखाऱ्यासारखी नारिंगी, आणि टॉर्च हलवला की आतून कण लुकलुकत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी उठून मी पत्र्यासाठीचा पेंट रिमूव्हर आणला आणि उजव्या मागच्या मडगार्डवर फासला. वीस मिनिटांत लाल, पांढरा, हिरवा तिन्ही रंग सुरकुतून वर आले. मी खूश. पट्टीने खरवडायला लागलो तर खालचा नारिंगी थरही भिजलेल्या साबणाच्या वडीसारखा पट्टीबरोबर यायला लागला. पत्र्याला त्या रसायनाने काही होत नाही, पॉलिएस्टर जेलकोटला मात्र ते मऊ करून टाकतं. एक मडगार्ड गेला. बाकीची बॉडी मी धारदार पट्टीने आणि वॉटर पेपरने हाताने सोलली, त्याला सात आठवडे लागले.

तेव्हा क्रम असा ठेवा:

आधी सहज न दिसणाऱ्या जागी, डॅशबोर्डखाली किंवा बॉनेटच्या आतल्या कडेला, रुपयाएवढी जागा घासून खाली काय आहे ते बघा. जेलकोट शाबूत असेल तर वरचे रंग हाताने उतरवा. शेवटचा थर उरला की 400 नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी आणि लाकडी ठोकळा; मग 600, 800, 1000, 1500, 2000 आणि शेवटी कंपाउंड. चमकी असेल तर जीव मुठीत धरून घासा. वरचा पारदर्शक थर संपून पेपर चमकीला लागला की कणांचा रंग निघतो आणि खालचं ॲल्युमिनियम पांढरंफटक उघडं पडतं. त्यावर इलाज नाही.

तडे दोन प्रकारचे. कोळ्याच्या जाळ्यासारखा, एका बिंदूतून फुटलेला तडा म्हणजे तिथे मार बसला आहे. समांतर रेषा म्हणजे ती जागा वाकते आहे, बहुधा खालचा आधार ढिला आहे. नुसता वरून जेलकोट भरलात तर महिन्याभरात तडा परत हजर. आधी मागून मॅट आणि रेझिनने ताकद द्या, मग वरून तड्याला इंग्रजी व्ही सारखी खाच पाडून भरा. आरपार तुटलं असेल तर कडा लांब उतरत्या घासा: फायबर 3 मिलिमीटर जाड असेल तर उतार निदान 36 मिलिमीटरचा, म्हणजे बारास एक. आखूड उतारावर केलेला जोड दिसायला चांगला आणि धक्क्याला कच्चा.

नवख्यांचे दोन घोटाळे इथेच सांगतो. एक, इपॉक्सीने डागडुजी करून वर पॉलिएस्टर जेलकोट मारायला जाणं; तो नीट पकडत नाही. दोन, जेलकोट उघड्या हवेत वरून चिकट राहतो म्हणून "माल खराब निघाला" असं समजणं. माल बरोबर असतो. त्यात मेणाचं द्रावण घालावं लागतं किंवा वरून हवा तोडणारं आवरण द्यावं लागतं. हार्डनर दीड-दोन टक्के, मोजून, अंदाजाने नाही.

आणि मास्क. रेझिनच्या वाफेसाठी कार्ट्रिजचा, साधा कापडी नव्हे. फायबरची भुकटी अंगावर बसली तर आधी गार पाण्याने धुवा. पहिल्या दिवशी मी कडकडीत पाण्याने आंघोळ केली आणि रात्रभर अंग खाजवत बसलो.

जेलकोट साफ गेला असेल, निम्म्या बॉडीवर लांबी असेल, तर बिनधास्त रंगवा, आणि हवा तो रंग मारा. नसलेल्या ओरिजिनलची पूजा करण्यात अर्थ नाही. माझ्या त्या उजव्या मडगार्डला मी नवा नारिंगी चमकीचा थर दिला. सावलीत जुळतो, उन्हात नाही. तसाच ठेवला आहे.

6. चासी: इथे कुणाची हौस चालली होती ते शोधा

चासी कापली ती पहिल्या बांधणाऱ्याने किंवा त्याच्या ओळखीच्या वेल्डरने, आणि सगळेच हात सारखे नसतात. बीटलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर, 2400 मिलिमीटर. 14¼ इंच, म्हणजे सुमारे 362 मिलिमीटर वजा केले की 2038 च्या आसपास यायला हवं. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी मोजा. मग चारही कोपऱ्यांतून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि तिरके कर्ण मोजा. माझ्याकडे कर्णांत 11 मिलिमीटरचा फरक निघाला. सरळ रस्त्यावर गाडी खेकड्यासारखी का जायची, ते तेव्हा कळलं.

सगळ्या नकलांना हेच माप लावू नका. काही बॉड्या वेगळ्या लांबीच्या, काही तर न कापलेल्या चासीसाठीच होत्या. बॉडीच्या चाकाच्या कमानीत चाक मधोमध बसतं का, ही साधी खूण.

मधल्या बोगद्यातून गिअरचा दांडा, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलच्या नळ्या आणि पेट्रोलची नळी जाते. चासी कापताना हे सगळं आखूड करावं लागतं. गिअरचा दांडा कापून जोडताना किंचित पिळला गेला असेल तर दुसरा गिअर टाकताना रिव्हर्स शोधल्यासारखं वाटतं, आणि माणूस उगाच गिअरबॉक्स खोलत बसतो. आधी दांडा बघा. पेट्रोलची नळी मात्र बघत बसू नका, बदला.

वाईट जोड असेल तर तो कापून नीट करणं हे ओरिजिनलशी प्रतारणा नाही. चुकीचं वेल्डिंग हा वारसा होत नाही.

7. ब्रेक, पट्टे, रोलबार

इथे ओरिजिनलही नाही आणि हौसही नाही.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर सिंगल सर्किटचा (चारही चाकांना तेलाची एकच वाट) असेल तर दुहेरी सर्किटचा लावा. बोल्टने बसतो, जुना जपून ठेवता येतो. पण पुढे मोठ्या डिस्क लावायची घाई करू नका. बगीचं वजन मागे आणि पुढचा भाग हलका, त्यामुळे पुढची चाकं आधीच पटकन जाम होतात. ठीक बसवलेले ड्रम या वजनाला पुरतात. डिस्क बहुतेकदा दिसायला लावल्या जातात.

रोलबारचे पाय कुठे बसलेत ते खाली वाकून बघा. नुसत्या फायबरला बोल्ट मारलेला चकचकीत बार फोटोसाठी असतो. त्याचे पाय चासीला किंवा चासीशी जोडलेल्या लोखंडाला हवेत, आणि पट्ट्यांचे बोल्टही तसेच, मागे जाड प्लेट घालून.

मागची बाजू उंच करायचा मोह अनेकांना होतो. जुन्या स्विंग ॲक्सलच्या चासीवर (मागचं प्रत्येक चाक आपल्या दांड्यासकट वरखाली झुलतं तिथे) तो आवरा. मागचा भाग उंच केला की चाकं खालून आत दुमडल्यासारखी होतात आणि वळणावर गाडी स्वतःच्याच चाकावर चढायला बघते.

8. इंजिन आणि वायरिंग

माझी चासी 1963 ची, म्हणजे 1192 सीसीचं इंजिन आणि 6 व्होल्ट. इंजिनावर खूप लोकांनी खूप लिहिलं आहे, म्हणून मोजकंच. मोठं इंजिन बोल्टने बसतं आणि बोल्टने निघतं, तेव्हा घाला. जुनं कोरडं करून, तेल लावून, गुंडाळून ठेवा. त्यावरचा नंबर घासू नका. 1600 इंजिन म्हणजे 85.5 बाय 69 मिलिमीटर, बगीला ते भरपूर होतं.

सिलिंडरभोवतीचे पत्रे काढून टाकायची टूम आहे, इंजिन 'मोकळं' दिसतं म्हणून. करू नका. पंख्याची हवा त्या पत्र्यांमुळेच सिलिंडरच्या पात्यांतून फिरते. जुना तेलाचा एअर फिल्टरही कुरूप म्हणून फेकू नका. धुळीत तो नव्या चकचकीत जाळीपेक्षा सरस आहे.

वायरिंग सरळ नवं घाला, 12 व्होल्ट करा. फायबरला अर्थिंग नसतं, ही गोष्ट मी तीन संध्याकाळी दिवे का लागत नाहीत हे शोधताना शिकलो. प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी तार चासीपर्यंत न्या. ठिणगीसाठीच्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट हवं असेल तर जुन्याच डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली मावणारं घ्या.

9. चाकं, सीटा, स्टिअरिंग, दिवे

इथे मनासारखं करा. बोल्टची मापं तेवढी तपासा: जुन्या बीटलला पाच बोल्ट 205 मिलिमीटरच्या वर्तुळावर, 1968 पासून चार बोल्ट 130 वर. पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर ही बगीची जुनी चाल आहे आणि ती नुसत्या दिसण्यासाठी नव्हती. पुढे रुंद टायर घातले तर वाळूत स्टिअरिंग फिरतं, गाडी मात्र सरळ जाते.

सीटेसाठी फायबरला नवं भोक पाडायची वेळ आली तर थांबा आणि जुन्या भोकांवर बसणारी पट्टी बनवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

10. काढलेल्या वस्तूंचं खोकं

काढलेली प्रत्येक वस्तू पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी: कुठून काढली, कधी, का. गाडी कुणाला दिलीत तर खोकं तिच्याबरोबर द्या.

माझ्या डॅशबोर्डवर उजवीकडे एक मोकळं भोक आहे. आत, फायबरच्या मागच्या बाजूला पहिल्या बांधणाऱ्याने पेन्सिलने 'हॉर्न?' असं लिहून ठेवलं आहे, प्रश्नचिन्हासकट. भोकाभोवती स्विच घट्ट केल्याची एकही खूण नाही. हॉर्न मी स्टिअरिंगवर लावला.